मध्यरात्रीची हाक

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १६:२५-३४



ज्या सानपाड्यात बसून हा उपदेश मी लिहीत आहे, ते मूळचे आगरी-कोळी बांधवांचे खाडीकाठचे गाव. आता त्याच्या सभोवती नवी मुंबईचे उंच मनोरे उभे राहिले आहेत. पलीकडेच मोठी घाऊक बाजारपेठ आहे, आणि रात्रीच्या वेळी घाटावरून कांदा, बटाटा, धान्य व फळे घेऊन येणाऱ्या मालमोटारींची रीघ लागलेली असते. तुमच्या शेतातला माल आम्हा शहरवासीयांच्या दाराशी येऊन पोहोचतो. परंतु ज्या हातांनी तो पिकवला त्या हातांचे काय झाले, हे त्या गोणीवर लिहिलेले नसते. आज ज्या विषयावर बोलण्यास मी धजत आहे, तो या गोणीमागच्या माणसाचा विषय आहे. तो व्यासपीठावरून क्वचित बोलला जातो, आणि घराघरांत तर दार लावूनच बोलला जातो. विषय आत्मघाताचा आहे.

यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यात चिलगव्हाण नावाचे गाव आहे. तेथे साहेबराव करपे नावाचे एक शेतकरी होते. ते गावचे सरपंच होते. आणि ते संगीताचे जाणकार, भजन गाणारे गृहस्थ होते. आपल्या खेड्यांत अशा मनुष्याचे स्थान काय असते हे तुम्हांस सांगावयास नको. संध्याकाळी कामावरून माणसे परततात, पेटी उघडते, टाळ हाती येतात, आणि दिवसभर मुकाट राहिलेले गाव बोलू लागते. अशा या मनुष्याने शेतीतील दुर्दशेने खचून १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळील दत्तपूर येथे आपल्या जीवनाचा शेवट केला. आणि तो एकट्याचाच नव्हे. त्यांच्या पत्नी मालतीबाई व त्यांची चार लेकरे हीही त्या रात्री गेली. महाराष्ट्रातील शेतकऱ्याची पहिली जाहीर नोंदलेली आत्महत्या म्हणून लोक त्या घटनेचा उल्लेख करतात, आणि २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला अनेक ठिकाणी लोक एक दिवस अन्न वर्ज्य करून त्या कुटुंबाचे स्मरण करतात.

बंधूंनो, साहेबराव आपल्या मंडळीचे नव्हते असे म्हणून कोणी हात झटकू नयेत. यरीहोच्या वाटेवर घायाळ पडलेला मनुष्य कोणत्या मंडळीचा होता, हे शोमरोन्याने विचारले नव्हते. आपण त्या घरासाठी शोक करू या. ज्याच्या गळ्यात भजन होते त्याच्यासाठी शोक करू या, आणि ज्या लेकरांना आपले जगणे अजून कळूही लागले नव्हते त्यांच्यासाठी त्याहून अधिक शोक करू या. मात्र शोक करताना खरे तेच बोलू या. त्या मृत्यूला बलिदान म्हणून त्याची आरती ओवाळणे जसे चूक, तसेच त्या मनुष्याला भेकड म्हणून त्याच्या नावावर थुंकणे हेही चूक आहे. कर्ज, नापिकी, भाव, वीज, पाणी ही संकटे खरी आहेत, आणि राजाने व समाजाने त्यांचा जाब दिलाच पाहिजे. तथापि तेच संकट सोसून हजारो घरे जगली. एका कारणाने माणूस सहसा जात नाही. ओझ्यावर ओझे चढते, मन आजारी पडते, आणि त्या आजारी मनाला वाटू लागते की आपण गेलो तर सर्वांचे बरे होईल. निराशेचे हे खोटे किती खोल जाऊ शकते पाहा : ते एका प्रेमळ बापाला असेही पटवू शकते की आपल्या मुलांचेही यातच कल्याण आहे. ती लेकरे निरपराध होती. त्यांचे आयुष्य त्यांचे स्वतःचे होते. म्हणून या खोट्याशी आपले युद्ध आहे, आणि हे युद्ध कसे करावे हे शिकण्यासाठी मी तुम्हांस आज फिलिप्पैच्या तुरुंगात नेणार आहे.

पौल व सीला यांना फटके मारून आतल्या कोठडीत घातले होते. त्यांचे पाय खोड्यात होते, पाठ रक्ताळलेली होती. आणि मध्यरात्र झाली तेव्हा ते दोघे गात होते. इतर कैदी कान देऊन ऐकत होते. इतक्यात भूकंप झाला, दरवाजे उघडले, बेड्या गळून पडल्या. बंदिशाळेचा नायक दचकून जागा झाला. रोमी अंमलात कैदी निसटले तर पहारेकऱ्याला स्वतःच्या जिवाने भरपाई द्यावी लागे, हे त्याला ठाऊक होते. उघडी दारे त्याला दिसली, आणि सर्व संपले असे समजून त्याने तरवार उपसली. तेवढ्यात आतल्या काळोखातून पौलाने मोठ्याने हाक मारली, आणि त्याला कळवले की स्वतःला कसलीही इजा करून घेऊ नकोस, कोणी पळालेले नाही, आम्ही सगळे जागच्या जागी आहोत. पुढे काय झाले ते तुम्ही जाणता. त्याने दिवे मागवले, कैद्यांच्या जखमा धुतल्या, आपल्या घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतला, आणि पहाटेच्या आत त्या घरी जेवणाची पंगत बसली. एका रात्री एक घर, बापासह, माणसांसह, वाचले. दत्तपूरच्या रात्री मात्र एक घर गेले. या दोन रात्रींमध्ये अंतर कशाचे? एका हाकेचे. म्हणून त्या हाकेचा आपण नीट विचार करू.

पहिली गोष्ट ही की, नायकाने जे पाहिले ते अर्धेच पाहिले होते. दारे उघडी होती हे खरे. कैदी गेले हे मात्र खोटे. त्याने आत डोकावून पाहिले नाही, कोणाला विचारले नाही. काळोखात, एकट्याने, क्षणार्धात हिशेब मांडला आणि उत्तर चुकले. निराश मनुष्याचा हिशेब असाच असतो. सावकाराचा तगादा खरा असतो. पण आता कोणीच आपले राहिले नाही, हे खरे नसते. परीक्षेत नापास झाल्याचा कागद खरा असतो. पण आईबापांना आता तोंड दाखवता येणार नाही, हे खरे नसते. त्या घटकेला त्याला उपदेशाची गरज नसते. काळोखात न दिसणारी गोष्ट सांगणाऱ्या आवाजाची गरज असते. आणि हीही ओळखण्याजोगी गोष्ट आहे की ती घटका टळते. नायकाचा हात एका हाकेने थांबला, आणि तासाभरात तोच हात जखमा धूत होता.

दुसरी गोष्ट ही की, पौलाने मोठ्याने हाक मारली. तो कुजबुजला नाही, की सकाळ होऊ दे, मग बोलू, असे म्हणाला नाही. येथे मला माझा स्वतःचा एक दोष तुमच्यापुढे कबूल केला पाहिजे.

सेमिनरीतून बाहेर पडून मी घाटावरील एका खेड्यात पाळक म्हणून गेलो, तेव्हा त्या मंडळीत एक ढोलकी वाजवणारा बंधू होता. त्याचा हात ढोलकीवर पडला की म्हातारी माणसेही ताठ बसत. दोन वर्षे त्याचे पीक बुडाले होते. घरात आजारपण होते. पुढे तो उपासनेला येऊन मागे बसू लागला, वाजवीनासा झाला. एका शनिवारी सायंकाळी तो माझ्या ओसरीवर आला आणि ढोलकी माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "पाळकसाहेब, ही आता मंडळीला ठेवा. मला काही लागायची नाही." मी रविवारच्या उपदेशाची टिपणे काढीत होतो. मी त्याच्या दातृत्वाची स्तुती केली, प्रार्थनेचे चार शब्द बोललो, आणि उद्या मंडळीपुढे तुमचे आभार मानू, असे सांगून त्याला निरोप दिला. मला, सेमिनरीत चार वर्षे शिकलेल्या मनुष्याला, काहीच कळले नाही.

कळले ते आमच्या मंडळीतील एका वृद्ध बायबलबाईंना. त्यांना जेमतेम वाचता येई. रात्री त्या दिवाबत्तीसाठी देवळात आल्या, कोपऱ्यात ढोलकी पाहिली आणि मला विचारले. मी आनंदाने हकीकत सांगितली. बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "अहो साहेब, ज्याचा जीव ढोलकीत, तो ढोलकी देऊन टाकतो म्हणजे काय?" आणि कंदील घेऊन त्या तडक त्याच्या शेतावरच्या खोपटाकडे निघाल्या. मी मागोमाग गेलो. तो अंधारात एकटाच बसला होता. बाई त्याच्या शेजारी भुईवर बसल्या आणि त्यांनी आडवळण न घेता विचारले, "लेकरा, जीव द्यायचं मनात आलंय का तुझ्या?" मी घाबरलो, मला वाटले, नसलेली गोष्ट बाईंनी त्याच्या मनात घातली. परंतु तो पुरुष लहान मुलासारखा रडू लागला आणि म्हणाला, "आजी, तुम्हांला कसं कळलं?" ती रात्र बाई तेथून हलल्या नाहीत. त्यांनी वचनांचा पाऊस पाडला नाही. त्या ऐकत होत्या, आणि मधून मधून एवढेच म्हणत होत्या, "आम्ही हाय की इथं." उजाडल्यावर त्याच्या भावाला बोलावले, त्याला तालुक्याच्या दवाखान्यात व तेथून मोठ्या रुग्णालयात नेले, कित्येक महिने औषध चालले. कर्जाचा प्रश्नही पंचांनी बसून थोडाथोडा सोडवला. आज त्याची मुले मोठी झाली आहेत, आणि नाताळात ढोलकी तोच वाजवतो. त्याच्याच संमतीने, नाव न सांगता, ही हकीकत मी लिहिली आहे.

त्या रात्री मी जे शिकलो ते हे. विचारल्याने कोणाच्या मनात मरण शिरत नाही. ते आधीच शिरलेले असते, आणि विचारल्याने त्याला बाहेर पडण्यास वाट मिळते. मनाचे वैद्यही आज हेच सांगतात. म्हणून उपदेशकांनो, खुणा ओळखावयास शिका. जो मनुष्य आवडीची वस्तू वाटून टाकू लागतो, अकारण निरवानिरव करतो, आपण सर्वांना भार झालो असे वारंवार बोलतो, झोप व अन्न सोडतो, दारूकडे अधिक वळतो, माणसांपासून दूर राहतो. किंवा फार दिवस खिन्न असलेला एकाएकी अगदी शांत दिसू लागतो, त्याच्याकडे त्याच दिवशी जा. उद्याच्या उपदेशाची टिपणे अपुरी राहिली तरी चालतील.

आणि खुणा नेहमी दिसतातच असेही नाही. आमच्या सानपाड्यातील गायकगटाच्या तरुणांनी एकदा प्रार्थनेनंतर मला चेस्टर बेनिंग्टन या अमेरिकन गायकाविषयी विचारले. लिंकिन पार्क या वाद्यवृंदाचा तो गायक. जगभरातील तरुण त्याची गाणी ऐकत. लहानपणी आपल्यावर झालेले अत्याचार आणि व्यसनाशी झालेला झगडा हे त्याने उघडपणे सांगितले होते. २० जुलै २०१७ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्याने आत्मघात केला. त्यानंतर दोन महिन्यांनी त्याच्या पत्नीने एक लहानसे चित्रण लोकांपुढे ठेवले. मृत्यूच्या सुमारे दीड दिवस आधीचे ते चित्रण; त्यात तो आपल्या मुलांबरोबर खेळत मनमोकळा हसत आहे. नीतिसूत्रांच्या चौदाव्या अध्यायात शलमोनाने बजावलेच आहे की हसणाऱ्याच्या अंतरी दुःख असू शकते. गाणारा मनुष्य दुसऱ्यांचे दुःख हलके करतो, म्हणून त्याचे स्वतःचे हलके असेल, असे आपण समजतो. मंडळीत जो सर्वांना हसवतो, जो पेटी वाजवतो, जो प्रत्येक मयतीला पुढे असतो, त्याला कोण विचारतो? पाळकाला तरी कोण विचारतो? बंधूंनो, त्यांनाही विचारा.

तिसरी गोष्ट ही की, पौलाने आपण सर्व तेथेच आहोत असे सांगितले. त्याने नायकाला पापाची यादी वाचून दाखवली नाही. तुझा विश्वास कमी आहे असे तो म्हणाला नाही. तारणाची गोष्ट त्याने सांगितली, परंतु ती तरवार खाली गेल्यावर, दिवे आल्यावर आणि नायकाने स्वतः विचारल्यावर. क्रम पाहा : आधी जीव, मग उजेड, मग वचन. एलीयाशीही देव असाच वागला. रतामाच्या झुडपाखाली पडून तो संदेष्टा मरण मागत होता. देवाने त्याला रागे भरले नाही. त्याला झोप दिली, भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोप दिली. आणि मग चाळीस दिवसांची वाट चालल्यावर त्याच्याशी मंद वाणीने बोलला. ज्याला कार्मेलावर अग्नी उतरताना पाहूनही थोड्याच दिवसांत मरण हवेसे वाटले, त्याच्या विश्वासाला कोण नावे ठेवील? मोशेने मरण मागितले, ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, यिर्मयानेही दिला. हे सर्व शास्त्रात लिहून ठेवले आहे ते अशासाठी की, काळोखात बसलेल्या कोणाही विश्वासूला आपण एकटेच असे आहोत असे वाटू नये.

इंग्लंडात विल्यम कूपर नावाचा एक कवी इ. स. १७३१ ते १८०० या काळात होऊन गेला. प्रॉटेस्टंट मंडळ्या ज्यांची गीते आजही गातात अशा गीतकर्त्यांत तो गणला जातो. त्याला मनाच्या आजाराचे झटके येत. १७६३ साली त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, आणि १७७३ साली तो आजार पुन्हा उलटला. देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे अशी त्याची समजूत झाली, आणि ती पुरती कधीच गेली नाही. ओल्नी गावचा पाळक जॉन न्यूटन हा त्याचा मित्र. न्यूटनने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, आणि कूपर एक वर्षाहून अधिक काळ तेथे राहिला. मेरी अन्विन नावाची एक विधवा वर्षानुवर्षे त्याची शुश्रूषा करीत राहिली. १७७९ साली ओल्नीचा गीतसंग्रह निघाला, त्यात साठांहून अधिक गीते कूपरची होती. ज्याला स्वतःच्या तारणाची खात्री वाटत नव्हती, त्याच्या गीतांनी हजारोंना खात्री दिली. आणि तो आपल्या नैसर्गिक मरणाने, म्हातारपणी मेला. त्याला कोणी वाचवले? देवाने वाचवले; परंतु देवाने ते एका पाळकाच्या उघड्या दाराने व एका विधवेच्या हातांनी केले. म्हणून विश्वास असूनही मन आजारी पडू शकते हे समजून घ्या. हिवतापाला आपण अविश्वास म्हणत नाही. मनाच्या तापालाही म्हणू नये. प्रार्थना करा, आणि वैद्याकडेही न्या.

आता एक कठीण प्रश्न. ज्याने आत्मघात केला त्याच्या मयतीचे काय करावे? काही ठिकाणी पाळकाने येऊ नये, घंटा वाजवू नये, कबर कुंपणापाशी दूर खणावी, असा आग्रह धरला जातो. माझ्या बंधूंनो, शौल राजा आपल्याच तरवारीवर पडून मेला. तेव्हा याबेश-गिलादचे शूर पुरुष रात्रभर चालून गेले, त्याचे विटंबलेले प्रेत भिंतीवरून काढून आणले, त्याच्या अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. दावीदाने, ज्याच्या वीणेने शौलाचे मन पूर्वी शांत होत असे त्याच दावीदाने, शौलाने छळलेले असूनही त्याच्यासाठी विलापगीत रचले. त्या गीतात निंदेचा एक शब्द नाही. आणि शौलाला आदराने पुरले म्हणून त्याने याबेशकरांना आशीर्वाद पाठवला. जीव देवाचा आहे, तो आपण घेऊ नये, ही आज्ञा मी पातळ करीत नाही. परंतु त्या शेवटच्या क्षणी त्या मनात काय चालले होते हे एकट्या देवाला ठाऊक. न्यायासन त्याचे आहे, आपले नाही. आपल्या वाट्याला याबेशकरांचे काम आले आहे : आदराने पुरणे, आणि जी विधवा, जी आई मागे राहिली तिच्या दारात बसणे. "तुम्हांला आधी कसे कळले नाही?" हे वाक्य अशा घरात कधीही उच्चारू नका. तो प्रश्न ती माउली रात्रंदिवस स्वतःला विचारीत असते.

आपल्या देशाचा कायदाही पूर्वी, आत्मघाताचा प्रयत्न करून वाचलेल्याला गुन्हेगार समजत असे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ साली अमलात आला. असा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये, आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे तो कायदा सांगतो. दंड करणारे राज्य दया करावयास शिकले. मग दयेची सुवार्ता ज्यांच्या हाती सोपवली आहे, त्या मंडळीने मागे राहावे काय?

हे काम किती मोठे आहे ते पाहा. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात १,७०,९२४ माणसांनी आत्मघात केला. त्यांतील २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातील, आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. यांत शेतकरी आहेत, मजूर आहेत, घर सांभाळणाऱ्या स्त्रिया आहेत, विद्यार्थी आहेत. एवढा आकडा ऐकून कोणी म्हणेल, आम्ही खेड्यातली साधी माणसे काय करणार? त्यांना मी चाड वारा यांची गोष्ट सांगतो. ते इंग्लंडातील पाळक होते. १९३५ साली तरुणपणी त्यांना ज्या पहिल्या मयतीची उपासना चालवावी लागली, ती एका चौदा वर्षांच्या मुलीची होती. तिला प्रथम ऋतू प्राप्त झाला. तो भयंकर रोग आहे असे ती समजली, विचारावयास कोणी नव्हते, आणि तिने जीव दिला. एक साधा प्रश्न विचारावयास कोणी नव्हते! ती कबर वारा विसरले नाहीत. १९५३ साली लंडनमध्ये आपल्या देवळात त्यांनी एक टेलिफोन ठेवला, आणि जिवाला कंटाळलेल्यांनी येथे बोलावे असे जाहीर केले. लोक येऊ लागले. भेटीसाठी थांबलेल्यांना चहा देऊन त्यांच्याजवळ बसण्याचे काम मंडळीतील साधी माणसे करीत. आणि वारा यांना दिसून आले की त्या साध्या माणसांशी बोलूनच पुष्कळांचे मन हलके होते, पाळकापर्यंत येण्याची गरजही उरत नाही. आमच्या बायबलबाईंनी हेच केले होते.

म्हणून प्रत्येक मंडळीने पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात. ज्याच्याविषयी शंका येते त्याला एकटे सोडू नये. दोघांनी पाळी लावून त्याच्याजवळ राहावे. त्याला स्पष्ट विचारावे, आणि मध्ये न बोलता ऐकावे. शेतावरची विषारी औषधे घरात उघड्यावर न ठेवता कुलपात ठेवावीत, आणि घरात कोणी खचलेले असेल तर किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी. श्रीलंकेत अतिविषारी शेती-औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली गेली, तेव्हा १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्मघातांचे प्रमाण दोन तृतीयांशाहूनही अधिक घटले. काळी घटका टळावी म्हणून मध्ये एखादे कुलूप असणेही पुरते, हे यावरून समजते. ज्याने पूर्वी एकदा प्रयत्न केला असेल त्याची विशेष काळजी घ्यावी. कोणाच्या मरणाची बातमी सांगताना रीत, जागा, चिठ्ठी यांची चर्चा चवीने करू नये. खचलेला ऐकणारा जवळच बसलेला असतो. तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेण्यास लाजू नये. आणि हा क्रमांक देवळाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा : १४४१६. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. रात्री-बेरात्रीही तेथे विनामूल्य बोलता येते, आणि मराठीत बोलता येते. जीव धोक्यात असेल तर ११२ ला कळवावे. शिवाय पंचांनी व वडिलांनी हेही पाहावे की दुष्काळाच्या वर्षी कर्जाने वाकलेल्या घरी नुसती प्रार्थना नव्हे, तर धान्याची पायलीही जावी, आणि लग्नकार्यातील खर्चाची चढाओढ मंडळीत तरी थांबावी.

शेवटी, हे पत्र वाचणाऱ्यांत किंवा ऐकणाऱ्यांत जर कोणी असा असेल की ज्याच्या हाताशी आज ती तरवार आहे, तर त्या माझ्या भावाला, त्या माझ्या बहिणीला मी बोलत आहे. तुझे दुःख खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु तू ते काळोखात मोजले आहेस. थोडे थांब. आत्ता, आज, एका माणसाला सांग. भावाला, शेजारणीला, उपदेशकाला, किंवा त्या क्रमांकावर बसलेल्या अनोळखी माणसाला. दारे उघडी पडलेली दिसली तरी सर्व गेलेले नाही. ज्या प्रभूने गेथशेमाने बागेत आपला जीव मरणप्राय दुःखी झाल्याचे शिष्यांना उघड सांगितले आणि माझ्याजवळ जागे राहा अशी विनवणी केली, त्याला सोबत मागण्याची लाज वाटली नाही. तुलाही वाटू देऊ नकोस. ते शिष्य झोपी गेले. आम्ही पाळकही पुष्कळदा झोपी गेलो. पण आता जागे राहू.

चिलगव्हाणच्या त्या गळ्यातील भजन आता ऐकू येणार नाही. दत्तपूरच्या त्या रात्री बाहेरून कोणाची हाक आत पोहोचली नाही. ज्या गावांत अजून पेटी वाजते, ढोलकी वाजते, तेथे एखादे वाद्य एकाएकी मुके झाले तर आपण त्याचे कारण विचारावे, कंदील घ्यावा आणि निघावे.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, जे आपल्या हातांनी गेले त्यांना आम्ही तुझ्या हाती सोपवतो, कारण आमच्यापेक्षा तू त्यांना अधिक ओळखतोस. त्यांच्यामागे राहिलेल्यांचे अश्रू पूस. आज रात्री जो कोणी एकटा जागा आहे त्याच्यापर्यंत आमच्यापैकी एखाद्याला पाठव. आम्हांला पाहणारे डोळे दे, ऐकणारे कान दे, आणि वेळेवर हाक मारील असा आवाज दे. तुझ्या पुत्राच्या नावाने मागतो. आमेन.